लिफ्टमधली बाई, पाहा —

मंगळवारी सकाळी दहा वाजता पुस्तक दुकानांत गेलं आणि सव्वाअकराला एक निवृत्त न्यायमूर्ती आमच्या ऑफिसात शिरले. दोन पायांत दोन वेगवेगळे बूट होते. हातात पुस्तक, तेही शेवटच्या बाजूनं उघडलेलं, आणि एका ओळीवर बोट असं दाबून धरलेलं की सोडलं तर ओळ पळून जाईल.

“हे कुणी लिहिलं?”

ऑफिसातल्या चारही माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. एरवी आमच्यात पंखा कितीवर ठेवायचा यावरही एकमत होत नाही.

ओळ अशी होती: ‘शिंकणारा न्यायाधीश, पाहा:’ आणि पुढे न्यायमूर्तींचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग पानांचे आकडे, मध्ये स्वल्पविराम, सगळं नीट.

“मी शिंकतो?” न्यायमूर्तींनी विचारलं. त्याबरोबर सगळं ऑफिस त्यांच्या नाकाकडे बघायला लागलं. माणसाच्या नाकाकडे पाच जण टक लावून बघत राहिले की व्हायचं तेच झालं. पण त्यांनी शिंक दाबली. कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं, पण दाबली. तीस वर्षं न्यायदान केलेला माणूस. मग ते खुर्चीत बसले आणि बारीक आवाजात म्हणाले, “बायकोनं आधी हेच पान उघडलं हो.”

बायकोनंच काय, सगळ्या शहरानं आधी तेच पान उघडलं होतं.

मी सूचीकार आहे. पुस्तक संपल्यावर शेवटी बारीक टायपात नावं आणि पानांचे आकडे असतात, ते मी करतो. ऑफिसात मला ‘शेपूट’ म्हणतात, आणि लाडात असले की ‘शेपट्या’. लाडात फारसं कुणी नसतं.

हे पुस्तक म्हणजे एका माजी मंत्र्याचं आत्मचरित्र. वर्तमानपत्रं त्यांना ‘वादळ’ म्हणत. आम्ही ऑफिसात ‘वादळराव’ म्हणायचो. एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं वादळ म्हणणं बरं दिसत नाही. त्यांच्या नावावर चार पक्ष, तीन लग्नं आणि एक पूल होता. त्यातलं एक लग्न अजून उभं होतं. पुलाचं उद्घाटन त्यांनी दोनदा केलं, कारण पहिल्या उद्घाटनानंतर तो जेवणाच्या सुट्टीत पडला. सुट्टी असल्यामुळे कुणाला लागलं नाही, याचं श्रेयही त्यांनी पुस्तकात घेतलं आहे. पुस्तकाचं नाव ‘झाकणार नाही’.

पण आमच्या वकीलबाईंनी झाकायला लावलं. एकही खरं नाव छापायचं नाही, नाहीतर दाव्यांची रांग लागेल, असं त्यांनी बजावलं. मग वादळरावांना समोर बसवून त्यांनी यादी केली. डावीकडे खरं नाव, उजवीकडे टोपणनाव. शिंकणारा न्यायाधीश. दोन टोप्यांचा संपादक. सोनेरी दातवाला बिल्डर. उपोषणात जाड झालेला पुढारी. एकूण एकशे त्रेचाळीस माणसं. पुस्तकभर ही टोपणनावं घातली गेली आणि यादीची एक प्रत माझ्या टेबलावर आली, सूची करताना घोळ होऊ नये म्हणून.

आता सूचीकाराच्या हातात अशी यादी देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. एका माणसाची दोन नावं असली तर वाचकाला एकीकडून दुसरीकडे पाठवायचं, ‘पाहा’ म्हणून, हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण. ज्यांनी मला काम शिकवलं ते म्हणायचे, शोधेल त्याला सापडलं पाहिजे. मी शोधणाऱ्याची उत्तम सोय केली. तीन रात्री बसून एकशे बेचाळीस ‘पाहा’ नावानिशी लिहिले. मला फार समाधान वाटलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

वकीलबाईंनी पुस्तक शब्द न् शब्द तपासलं. पान चारशे बारावर ‘समाप्त’ लिहिलेलं होतं, तिथे त्या थांबल्या. सूची चारशे तेरावर सुरू होते.

दुपारी त्या आल्या तेव्हा त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता. “सूचीत मजकूर असतो, हे मला कुणी सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. मालकांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं. टेबल कुठे जात नव्हतं, पण त्यांनी धरलं होतं.

“शेपट्या,” मालक म्हणाले, “तुला मी काढून टाकणार आहे. फक्त आधी कसं काढायचं ते ठरवतो.”

तेवढ्यात फोन आला. पहिली आवृत्ती संपली होती. मालकांनी टेबल सोडलं.

संध्याकाळपर्यंत जे चित्र दिसलं ते पाहून वकीलबाईंची तर बोलतीच बंद झाली. एकशे बेचाळीस जणांपैकी दावा लावण्याची नोटीस फक्त तिघांची आली. एकोणतीस जणांनी जादा प्रती मागवल्या. एका माजी उपमहापौरांनी फोन करून विचारलं की आपलं नाव एकाच पानावर कसं, आपण त्या काळात जास्त वाईट होतो. आणि अकरा माणसं, ज्यांचं पुस्तकात नावच नव्हतं, ती प्रत्यक्ष येऊन भांडून गेली. “मी त्यांच्याबरोबर तुरुंगात होतो, साहेब,” एक जण रडवेला होऊन सांगत होता, “एकाच कोठडीत! आणि सूचीत कोठडी आहे, मी नाही!”

मात्र बाकी सगळे फोन एकाच ओळीसाठी येत होते. पान चारशे सव्वीस. ‘लिफ्टमधली बाई, पाहा: —’

तिथे नाव नव्हतं, आडवी रेघ होती. यादीत उजवीकडे ‘लिफ्टमधली बाई’ लिहिलं होतं आणि डावीकडे कोरं. मला वाटलं, वकीलबाईंनी मुद्दाम कोरं सोडलं. वकीलबाईंना वाटलं, वादळराव नंतर सांगतील. मी प्रामाणिकपणे रेघ मारली. पुस्तकातली चार प्रकरणं, चव्वेचाळीस पानं, या बाईवर आहेत. तीन बायकांना मिळून सहा पानं आहेत. सरकारी इमारतीतली जुनी लिफ्ट, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबलेली. आयुष्यातलं एकमेव खरं प्रेम. ती रडली, ते निघून गेले. सगळं शहर विचारत होतं, ही कोण?

“नावं छापली ती छापली,” वकीलबाई म्हणाल्या. त्यांना आता जरा बोलता येत होतं. “आता काढली तर चूक कबूल केल्यासारखं होईल. ती राहू देत. पण ही रेघ भरा. नाव असलं तर एक माणूस दावा लावतो. रेघेवर कुणीही लावेल. त्या काळात त्या लिफ्टनं वर गेलेली प्रत्येक बाई म्हणेल, लोक माझ्याकडे बघताहेत.”

“गुरुवारी दुपारी बाराला दुसरी आवृत्ती छपाईला जातेय,” मालक मला म्हणाले. “त्याआधी त्या रेघेच्या जागी नाव पाहिजे. नाव आलं तर तू राहिलास. नाही आलं तर तू गेलास. बघ, कसं काढायचं तेही ठरलं.”

मी घरी गेलो.

घर म्हणजे आत्याचं घर. कॉलेजपासून मी तिच्याकडेच राहतो. आत्या अठ्ठावन्न वर्षांची, सरकारी अभिलेखागाराची प्रमुख म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झालेली, आणि येत्या शनिवारी साडेअकराला नोंदणी कार्यालयात तिचं लग्न होतं. नवरा म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. विधुर, साठीचे, अतिशय हळू बोलणारे. नऊ वर्षं ते आत्याचे दात बघत होते आणि नऊ वर्षांनी त्यांनी विचारलं. तोंडात आरसा आणि कापूस असल्यामुळे ती नाही म्हणू शकली नाही, असं आत्या सगळ्यांना सांगते. खरं तर ती इतकी खूश होती की तिनं घराच्या पडद्यांना इस्त्री केली होती, ते लटकलेले असताना.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. पुढ्यात पुस्तक. गॅसवर दूध उतू जाऊन, करपून, विझून गेलं होतं आणि तिला पत्ता नव्हता. आत्याच्या घरात दूध उतू जात नाही. दुधाचीच हिंमत होत नाही.

“आत्या?”

“ही रेघ कुणी मारली?”

“मी. का?”

“पट्टी लावून मारलीस का रे?” ती म्हणाली. आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा. “छान सरळ आलीय. ती मी आहे.”

मी हसलो. ती हसली नाही. मग माझं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. काढायचं कसं ते मला कळेना.

“तू तर अभिलेखागारात...”

“त्याच्या आधी. चोवीस वर्षांची होते. लिफ्ट चालवायचे मी.”

“लिफ्ट?”

“मग काय, लिफ्ट आपोआप जायची? दांडा असायचा पितळेचा. आत स्टूल, अंगावर गणवेश. चार पक्ष फिरून आला हा माणूस, चव्वेचाळीस पानं लिहिली, आणि लिफ्ट कोण चालवत होतं त्याचा एका ओळीत पत्ता नाही.” तिनं पुस्तक मिटलं. “अकरा महिने. त्याचं लग्न झालेलं होतं, मला माहीत नव्हतं. कळलं त्या दिवशी मी बदली मागितली. संपलं. तुझ्या बापाला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.”

“डॉक्टरांना?”

आत्यानं मिटलेलं पुस्तक पालथं घातलं. माझ्या पायाखालची फरशी जरा सरकली. ज्या बाईनं मला खोटं बोलल्याबद्दल एकदा फाटकाबाहेर उभं केलं होतं, ती बाई चौतीस वर्षं एका मंत्र्याला पोटात घेऊन फिरत होती, आणि शहरातले चार लाख लोक तिला शोधायला निघाले होते, माझ्या कृपेनं.

“त्याच्या तोंडून माझं नाव निघालं तर शनिवार गेला,” ती म्हणाली. “डॉक्टर वाईट माणूस नाही रे, पण भित्रा आहे. इंजेक्शन देताना स्वतः डोळे मिटतो. नाव येऊ देऊ नकोस.”

“नाही येऊ देणार,” मी म्हणालो. माझी नोकरी जाणार हे तिला सांगितलं नाही. दूध पुसलं.

बुधवारी मालकांनी मलाच वादळरावांकडे पाठवलं, नाव आणायला. मी निघालो तो नाव न आणण्यासाठी. वाटेत ठरवलं होतं की पाय धरीन, आत्याला नातू आहे म्हणून सांगीन, काहीही करीन. नातू नाही, मीच आहे, पण वेळ पडली तर मी लहान दिसतो.

वादळराव मोठ्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. अंगावर झगा, समोर टोस्ट. टीव्हीवर स्वतःचीच बातमी चालू होती आणि ते तिच्यावर नाराज होते.

“तू सूचीवाला? ये. पुस्तक कुणी वाचत नाही म्हणे, तुझंच वाचतात.” त्यांनी मला टोस्ट दिला. “मला दोन टोप्यांच्या संपादकानं फोन केला होता. म्हणाला, मला तीनच टोप्या शोभतात. काय माणसं आहेत!”

मी टोस्ट हातात धरून बसलो. “ती लिफ्टमधली बाई...” मी सुरुवात केली.

वादळरावांचे डोळे भरून आले. खरोखर. टेलिव्हिजनवर आले होते तसे नाही, जरा कमी छान.

“तिच्यासारखी दुसरी झाली नाही,” ते म्हणाले. “मी चार माणसांसमोर बोलायला घाबरायचो, तेव्हा भाषणं आधी तिला ऐकवायचो. चौथ्या-पाचव्याच्या मध्ये. ती म्हणायची, हे काढा, ते ठेवा. तिनं काढलं ते काढलं म्हणून मी निवडून आलो.”

“सर, तिचं नाव कृपा करून...”

“तेच तर विचारायचं होतं तुला,” वादळराव म्हणाले. “काय आहे तिचं नाव?”

माझ्या हातातला टोस्ट मोडला.

“म्हणजे?”

“तुमचं कामच नावं शोधायचं ना? मी आठवून आठवून थकलो. वकीलबाईंना म्हटलं, नंतर सांगतो.”

“विसरलात?”

ते प्रामाणिकपणे विचारात पडले. प्रामाणिकपणाची सवय नसल्यामुळे वेळ लागला. “विसरलो असं नाही म्हणता येणार,” ते म्हणाले. “विसरायला आधी माहीत असावं लागतं. मी तिला ‘ए’ म्हणायचो. प्रेमानं.”

“अकरा महिने?”

“एवढे झाले?” ते म्हणाले. मग डोळे पुसत म्हणाले, “तिच्यात नावापलीकडचं काहीतरी होतं रे. लिही हे, छान वाक्य आहे.”

“आणि लिफ्ट कोण चालवायचं, सर?”

“लिफ्ट?” त्यांना प्रश्नच कळला नाही. “ती वर जायची.”

मी बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. आधी धक्का बसला आणि मग, लाज वाटते सांगायला, मला नाचावंसं वाटलं. माहीतच नाही! एका माणसाच्या तोंडून नाव निघायचं होतं आणि त्या तोंडात नावच नव्हतं. झाकली मूठ कायमची झाकली. माझी नोकरी गेली तर गेली, शनिवार वाचला. मी धावत घरी गेलो.

स्वयंपाकघरात डॉक्टर बसले होते. टेबलावर पुस्तक उघडं, डॉक्टरांच्या डोळ्यांवर कामाचा चष्मा, आणि आत्या दिव्याखाली तोंड उघडून बसलेली. मी दारातच थांबलो.

“मी सांगितलं त्यांना,” आत्या तोंड मिटून म्हणाली. “पेपरात वाचण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.”

डॉक्टर पांढरेफटक पडले होते, पण चेहऱ्यावर एक विचित्र उजेड होता.

“पान दोनशे नव्वद,” ते हळूहळू म्हणाले. “‘तिचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले, त्यामुळे हसू वेडं दिसे.’ मी नऊ वर्षं हे दात बघतोय. पुढचे दात सरळ आहेत. कधीच चढलेले नव्हते, मी मुळापर्यंत सांगू शकतो. ही बाई तुम्ही नाही.”

“मीच आहे हो.”

“शास्त्रीयदृष्ट्या नाही,” डॉक्टर म्हणाले. ते मला म्हणाले, “मी सर्टिफिकेट द्यायला तयार आहे.” इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “दुसऱ्याच कुणाचे तरी दात लावलेत यांनी. दोन-तीन बायका एकत्र केल्यात.”

आत्याचा चेहरा बघून मला वाटलं, आता चांगली बातमी द्यावी.

“आत्या, सुटलीस! त्याला तुझं नाव माहीतच नाही! विसरला वगैरे नाही, कधी माहीतच नव्हतं! ‘ए’ म्हणायचो म्हणाला!”

मी टाळी वाजवणार होतो. हात अर्ध्यातच राहिले.

आत्या हलली नाही. मी तिला बाबांच्या आजारपणात पाहिलंय, वरच्या मजल्याला आग लागली तेव्हा पाहिलंय, पण असं तोंड कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी तिला उभ्या उभ्या अनोळखी ठरवून टाकल्यासारखं.

“मला वाटायचं, जपतोय,” ती म्हणाली. “कुणी ऐकेल म्हणून नाव घेत नाही. मला केवढं कौतुक वाटायचं.” मग ती पुस्तकाची पानं उलटायला लागली, भराभर. “दोनशे अठ्ठावन्न. वाच.”

मी वाचलं. “‘तिच्या छातीवर डावीकडे काहीतरी चमकत असे, एखादा जुना दागिना.’”

“तू याची सूचीत नोंद केलीयस. ‘दागिना, चमकणारा.’”

“हो.”

“दागिना नव्हता तो, गाढवा. नावाची पट्टी होती. पितळेची. माझं पूर्ण नाव कोरलेली. सकाळी चिंच लावून घासायचे मी ती.” तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. “अकरा महिने त्याच्या नाकासमोर होतं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला.

“उद्या बाराला ना?” आत्यानं मला विचारलं.

“काय?”

“रेघ. उद्या बाराला भरायची ना? माझं नाव टाक.”

“आत्या! आता तर कुणाला कळायचंच नाही! सर्टिफिकेट पण आहे!”

“म्हणूनच टाक.”

डॉक्टरांची दातखीळ बसली होती. त्यांच्या बाबतीत हे फारच वाईट दिसत होतं. “माझे पेशंट,” ते शेवटी म्हणाले, “खुर्चीत पडले की माझ्याकडेच बघतात. दुसरीकडे बघायला त्यांना जागा नसते. दिवसभर, एकेक जण, तोंड उघडून...”

“तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा, डॉक्टर,” आत्या म्हणाली. “मी रागावणार नाही. पण नाव जाणार.”

डॉक्टर उठले. “मला जरा...” म्हणाले आणि गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. जिना उतरताना एक पायरी चुकल्याचा आवाज आला.

गुरुवारी साडेअकराला आत्या आमच्या ऑफिसात आली. निवृत्तीच्या दिवशी नेसली होती ती साडी. मालकांनी तिला खुर्ची दिली, आणि ती कोण ते कळल्यावर ते स्वतः खुर्ची नसलेल्या जागी बसायला गेले.

“शेपट्याची आत्या?” त्यांनी जमिनीवरूनच विचारलं. “आमच्या शेपट्याची?”

“एक नोंद लिहून आणलीय,” आत्या म्हणाली. बत्तीस वर्षं अभिलेख सांभाळलेली बाई. नोंद कशी करायची ते तिला मी शिकवायची गरज नव्हती. मी टाइप करत गेलो, ती सांगत गेली.

‘लिफ्टमधली बाई, पाहा:’ आणि तिचं पूर्ण नाव. तिच्या नावाखाली:

‘भाषणांत दुरुस्त्या करणे, २५४, २६१, २७०; गणवेशावरील नावाची पट्टी (दागिना नव्हे), २५८; दात, दुसऱ्या कुणाचे तरी, २९०; नाव न विचारले जाणे, २५१ ते २९४; रडणे (रडले ते लेखक), २८८; लिफ्ट चालवणे, उल्लेख नाही.’

“उल्लेख नाही त्याला पानाचा आकडा कसा देणार?” मी विचारलं. शेवटी धंदा आहे.

“देऊ नकोस. मोकळंच ठेव.”

वकीलबाईंनी ती नोंद चार वेळा वाचली. आयुष्यात प्रथमच त्या सूची वाचत होत्या. “यात दावा लावण्यासारखं काहीच नाही,” त्या थक्क होऊन म्हणाल्या. “नुसते पानांचे आकडे आहेत. पण चव्वेचाळीस पानांचं काहीच शिल्लक ठेवलेलं नाही हो.”

“बाई, विचार करा,” मालक म्हणाले. त्यांना दुसरी आवृत्ती हवी होती, पण माणूस तसे ते बरे आहेत. “शनिवारी लग्न म्हणे तुमचं. कुणाला माहीत नसताना आपण होऊन सांगायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण.”

“अवलक्षण चव्वेचाळीस पानं छापून झालंय,” आत्या म्हणाली. “हात तेवढा दाखवायचा राहिलाय.”

बाराला पाच मिनिटं असताना पान गेलं.

डॉक्टरांचा गुरुवारी फोन आला नाही. शुक्रवारी सकाळी दुसरी आवृत्ती दुकानांत आली, तरी आला नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या दवाखान्यावरून गेलो तर बाहेर फुटपाथपर्यंत रांग. मी आत्याला ते सांगितलं नाही. आमच्याही दाराची घंटा दिवसभर वाजत होती. खालच्या मजल्यावरच्या काकू साखर मागायला आल्या आणि साखर न नेताच गेल्या. वादळरावांचाही फोन आला, मलाच. म्हणाले, “नाव छान आहे. कोण रे ही?” मी फोन ठेवला. मोठ्या माणसाचा फोन मी आयुष्यात पहिल्यांदा ठेवला आणि मग बराच वेळ हाताकडे बघत बसलो.

शनिवारी सव्वाअकराला आम्ही नोंदणी कार्यालयात होतो. लांब खोली, भिंतीला लागून बाकं, काउंटरच्या मागे कारकून. बाकांवर दोन जोडपी आणि त्यांचं गणगोत. आत्या सरळ बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. साडेअकरा झाले. कारकुनानं आमचा नंबर पुकारला आणि मी सांगितलं, थोडं थांबा. अकरा चाळीसला परत पुकारला.

“नवरा मुलगा आहे ना?” कारकुनानं विचारलं.

“येईल,” मी म्हणालो.

“येईल किंवा नाही येणार,” आत्या म्हणाली. “तुम्ही पुढचा नंबर घ्या, आमच्यामुळे लोकांना उशीर नको.” आवाज अगदी नीट होता. पर्सवरची बोटं मात्र पांढरी झाली होती.

पावणेबाराला दार उघडलं आणि डॉक्टर आत आले, पांढऱ्या कोटातच, धापा टाकत. कोटावर डाग होते, चष्मा कपाळावर.

“माफ करा,” ते म्हणाले. “काल चौतीस पेशंट आले. आज सकाळपासून एकवीस. एकाचाही दात दुखत नाही.” त्यांनी दम घेतला. “आधी तर मला दवाखाना बंद करून पळून जावंसं वाटलं. मग युक्ती सुचली. आलेल्या प्रत्येकाला खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावतो आणि कापूस भरतो. मग विचारतो, काय म्हणत होतात? काहीच म्हणता येत नाही त्यांना.”

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली.

“निम्म्यांचे दात खरोखर वाईट निघाले,” डॉक्टर म्हणाले. “म्हणून उशीर झाला.”

आत्या उठली. दोघं काउंटरपाशी गेली, मी साक्षीदार म्हणून मागे उभा राहिलो. कारकुनानं रजिस्टर ओढलं आणि मान खाली घालून विचारलं, “वधूचं संपूर्ण नाव?”

आत्यानं सांगितलं. हळू नाही, मोठ्यानंही नाही. मागच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू जाईल एवढं. खोलीतली कुजबुज तिथल्या तिथे थांबली. बाकावरची दोन्ही नवऱ्या मुलांकडची आणि दोन्ही मुलींकडची माणसं एकदम वळली. कारकुनाचं पेन कागदावर टेकलं होतं ते तसंच राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्यानं मान वर केली, तोंड उघडंच.

“म्हणजे तुम्ही... त्या...”

डॉक्टरांनी सवयीनं वाकून त्याच्या तोंडात पाहिलं.

“हो, त्याच,” आत्या म्हणाली. “पुढे लिहा.”